तिसऱ्या हाकेचे मोल

घर पाहायला आलेल्या तिघांपैकी एकानेही घासाघीस केली नाही, ही गोष्ट वसुलाला पहिल्यांदा खटकली.

तिने मोल सांगितले, सहाशे कार्षापण नाणी. हस्तिदंताच्या फण्या करून विकणारा वीरक मान डोलावून "बरं" म्हणाला. धान्याचा व्यापारीही "बरं" म्हणाला. तिसरा शेजारचा मेणवाला. तो काहीच बोलला नाही, फक्त तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिला. ज्या नगरात पालेभाजीच्या एका जुडीवरून बायका अर्धी सकाळ घालवतात, तिथे घराचे मोल ऐकून माणसे मुकाट पायऱ्या उतरून जातात, हे काही तिला ठीक वाटेना.

ही फार पूर्वीची गोष्ट. तगर नगरात तेव्हा सुबाहू नावाचा राजा राज्य करीत होता, आणि बोधिसत्त्वाने त्या जन्मी मेणाच्या व्यापाऱ्याच्या कुळात जन्म घेतला होता. वसुलाच्या भिंतीला भिंत लागून राहणारा तो मेणवाला म्हणजे बोधिसत्त्वच. मूर्ती ओतणारे कारागीर लांबलांबून त्याच्याकडे मेण घ्यायला येत. कोणी मेणाची ढेप मागितली की तो आधी ती मधोमध फोडून दाखवी आणि मगच तराजूत टाकी, कारण आत खडा दडवून वजन वाढवणारे व्यापारी त्या पेठेत होते. रानातल्या लोकांकडून मेण घ्यायचा तराजू आणि कारागिरांना विकायचा तराजू त्याच्याकडे एकच होता. लोक त्याला भला म्हणत आणि त्याच दमात थोडा वेडाही म्हणत.

वसुला मूळची प्रतिष्ठानची. लग्न होऊन तगरात आली. तिचा नवरा तिष्य मागच्या वर्षी व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर भरुकच्छ बंदरावर गेला आणि तिथेच त्याला काम लागले. त्याचा निरोप आला होता: घर विक, त्या पैशात इथे घर घेऊ, मुलीला घेऊन पावसाच्या आधी ये. पावसाच्या आधीचा शेवटचा तांडा परवा निघणार होता. मुलगी आता अंगणभर धावत होती. बापाने तिला रांगतानाच पाहिले होते.

पण घर विकायचे म्हणजे तगरात एक रीत होती. राजपुरुषासमोर, आसपासच्या घरांतली माणसे जमवून, ज्याचे घर त्यानेच उंबऱ्यावर उभे राहून मोल पुकारायचे. हाका तीन. पहिली नातेवाइकांसाठी, दुसरी शेजाऱ्यांसाठी, तिसरी कोणाहीसाठी. जो आधी "घेतो" म्हणेल त्याचे घर, पुढे कोणी त्यावर चढले नाही तर. तिन्ही हाका रिकाम्या गेल्या, तर पाऊस संपेपर्यंत ते घर पुन्हा पुकारता येत नसे. तिष्य दूर, म्हणजे हाक वसुलाच्या गळ्यातूनच निघायला हवी होती. आणि वसुला तर दाराची कडी वाजली तरी दचकायची.

सोबतीला म्हणून तिची आत्या प्रतिष्ठानहून आली होती. सहाशे हा आकडा आत्याचाच.

"मला भीती वाटते, आत्या," वसुला म्हणाली. "कुणीच मोल पाडून मागितलं नाही."

"तुला कशाची भीती वाटत नाही ते सांग, लवकर होईल," आत्या म्हणाली. "अगं, गिऱ्हाईकं हुरळलीत. उद्या बघ कशी एकमेकांवर चढतात."

दुपारी मेणवाला पुन्हा आला. आत बोलावले तरी आला नाही, ओट्याच्या कडेला बसला. वसुलाने पाणी आणले.

"पाणी नंतर," तो म्हणाला. "आधी बोलतो. ऐकून झाल्यावरही मला पाणी द्यावंसं वाटलं तर दे."

तिने तांब्या ओट्यावर ठेवला.

"उद्या सहाशेच पुकारणार, सूनबाई?"

"हो, काका."

"आकडा कुणी काढला?"

"मी," आत्या आतून म्हणाली, आणि बाहेर येऊन दाराला टेकून उभी राहिली. "आमच्या प्रतिष्ठानात अशीच रीत आहे, भाऊ. मोल खाली ठेवायचं. स्वस्त दिसलं की चार माणसं जमतात, आणि चार जमली की इर्षेनं चढतात. माझ्या दिराचं घर पाचशेला पुकारलं आणि नऊशेला गेलं."

"आणि वरचे चारशे?"

"वरचे चारशे म्हणजे? दिराचेच की."

"इथं ते राजाचे असतात," बोधिसत्त्व म्हणाला.

आत्या दाराचा टेका सोडून सरळ उभी राहिली.

"आताच्या राजाच्या आजोबांच्या वेळी एका घरावरून दोन व्यापाऱ्यांत इर्षा लागली आणि दोघंही धुळीला मिळाले," बोधिसत्त्व शांतपणे सांगू लागला. "तेव्हा त्यांनी नियम घातला. पुकारलेल्या मोलावर जे चढेल ते विकणाऱ्याला नाही, कोठारात जमा. हेतू चांगला होता. पण त्यामुळं झालं असं, की इथं कुणी चढतच नाही. राजाचं कोठार भरायची हौस कुणाला? घेणारे आदल्या दिवशीच आपसांत ठरवतात. आज सकाळी वीरक आणि धान्यवाला तुझ्या पायऱ्या उतरले ते सरळ माझ्या दारात आले. म्हणाले, शेजाऱ्याची हाक आधी, तेव्हा मान तुझा. तू सहाशेला घे, आम्हा दोघांच्या हातावर थोडं काही ठेव, आम्ही तोंड उघडत नाही. मी हो म्हटलं नाही."

"म्हणून घासाघीस केली नाही," वसुला हळूच म्हणाली.

"केली असती तर तू विचारात पडली असतीस."

तो उठला, ओट्यावरच्या खांबाला हात लावून त्याने वर पाहिले. "तुळया सागाच्या. परसात गोड्या पाण्याची विहीर. उत्तरेची खोली तर अशी, की वैशाखातसुद्धा तिथं अंगावर शेला घ्यावासा वाटतो. हे घर हजाराचं आहे, सूनबाई. उद्या हजार पुकार."

वसुलाने भिंतीपलीकडच्या त्याच्या अंगणाकडे पाहिले. हा माणूस तीन उन्हाळे तिच्या डोळ्यांदेखत मेणाच्या ढेपा ओल्या गोणपाटात गुंडाळून अंगणातल्या सावलीबरोबर इकडून तिकडे हलवत होता. त्याचे घर पश्चिमेला तोंड करून. दुपार झाली की मेण मऊ पडे, ढेपा एकमेकींना चिकटून बसत, माश्या आणि धूळ त्यात रुतत. तिची उत्तरेची खोली त्याला मिळाली तर त्याचा धंदा दुप्पट होईल, हे तिला कळत होते. आणि उद्या नुसते गप्प बसून सहाशेला "घेतो" म्हणायचे, एवढेच त्याचे काम होते.

"काका, घर तर तुम्हालाच हवंय," ती म्हणाली. "मग हे मला का सांगताय?"

"हवंय. त्या खोलीत मेण छान गार राहील. पण सहाशेला घेतली तर मी तिथं कसा राहू?"

"गोड बोलता हो, भाऊ," आत्याला आता कंठ फुटला. "पण मला दुसरंच दिसतंय. ही पोर उद्या हजार म्हणेल, कुणी घेणार नाही. तांडा जाईल निघून. पावसाळाभर ही इथं बसेल रडत, आणि मग हेच घर तुम्ही चारशेला घशात घालाल."

वसुलाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. बोधिसत्त्वाने मात्र आत्याकडे अगदी कौतुकाने पाहिले.

"आत्याबाई म्हणतात तसंही होऊ शकतं," तो वसुलाला म्हणाला. "हजाराला कुणी पुढं आलं नाही तर तुझी हाक रिकामी जाईल. ते मी झाकून ठेवत नाही."

"तुम्ही तर घ्याल ना?"

"ते मी आज सांगणार नाही. सांगितलं, तर उद्या तू माझ्या भरवशावर हजार म्हणशील. घराच्या भरवशावर म्हण." मग त्याने हात पुढे केला. "आता देतेस पाणी?"

तिने दिले. तो उभ्या उभ्या प्याला आणि गेला.

दिवेलागणीला वसुला मुलीला थोपटत भिंतीशी बसली होती. पलीकडून मेणवाल्याच्या बायकोचा आवाज येत होता. ती काही हळू बोलणारी नव्हती.

"सहाशे तर आपल्याकडं होते. उरलेले काय मधाच्या पोळ्यातून काढणार?"

"यंदाचं मेण आहे की."

"वैशाखात विकणार? अर्धं वितळलेलं? तेच मेण आश्विनात दीडपटीनं जाईल."

"जाईल खरं."

"मग?"

"मग आश्विनात आपल्याकडं मेण नसेल. एवढंच."

पलीकडे भांडी आदळली.

"धर्म करायला निघालाय, करा. निदान उद्या आपल्या ओट्यावर तरी बसा. शेजाऱ्यांची हाक आली की पटकन बोलून मोकळे व्हा."

"ओट्यावर नाही बसायचं मला."

"अहो, पण का?"

त्याचे उत्तर वसुलाला ऐकू आले नाही. मुलगी जागी होऊन रडू लागली होती. पण जेवढे ऐकले तेवढ्याने तिच्या जिवात जीव आला. घेणार आहे. मेण विकून घेणार आहे. फक्त ते ओट्याचे बोलणे तेवढे तिच्या मनात कुसळासारखे राहिले.

सकाळी राजपुरुष आला. गल्लीत माणसे जमली. नातेवाईक दाराच्या उजवीकडे उभे राहायचे, तिथे आत्या एकटी. शेजारी आपापल्या ओट्यांवर बसायचे. बाकीचे सगळे गल्लीच्या पलीकडे, कडुनिंबाखाली. तिथे वीरक आणि धान्यवाला पुढेच उभे होते, आणि त्यांच्यामागे तांड्याची माणसे, हमाल, रिकामटेकडे.

मेणवाल्याच्या ओट्यावर कोणी नव्हते.

वसुलाने दोनदा पाहिले. दारात त्याची बायको उभी होती, तोंड दुसरीकडे वळवून. बाकी सगळ्या ओट्यांवर माणसे होती.

"पुकार, बाई," राजपुरुष म्हणाला.

तिने घराच्या चार सीमा सांगितल्या. मोल इतके हळू सांगितले की पुढच्या रांगेलाही ऐकू गेले नाही. पुन्हा सांगावे लागले. "मोल एक हजार. कोण घेतो?"

लोक कुजबुजले. हजाराची अपेक्षा कोणाचीच नव्हती. वीरकाच्या भुवया वर गेल्या.

"नातेवाइकांपैकी कुणी?" राजपुरुषाने विचारले.

"आहे मी," आत्या म्हणाली. "पण माझ्या कनवटीला इथवर येण्याच्या भाड्यापुरतंच होतं, ते संपलं."

लोक हसले. पहिली हाक गेली.

"मोल एक हजार," वसुला म्हणाली. "शेजाऱ्यांपैकी कोण घेतो?"

सगळ्यांच्या माना त्या रिकाम्या ओट्याकडे वळल्या. तिचीही. ती मनात म्हणत होती, आता येईल, आतून येईल, नेसतं धोतर सावरत येईल. मेणवाल्याची बायको दारातून हलली नाही. कोपऱ्यावरचा लोहार उगाच खाकरला, तेवढ्याने वसुला दचकली. पण तो नुसताच खाकरला होता.

"दुसरी गेली," राजपुरुष म्हणाला.

"आवाज बारीक आणि मोल जाड," वीरक पलीकडून म्हणाला. हशा पिकला. मग तो गल्ली ओलांडून दोन पावले पुढे आला आणि जरा मायेने बोलू लागला. "पोरी, हजार कुणी सांगितले तुला? ज्यानं सांगितले तो आहे का इथं? तिसऱ्या हाकेला मोल उतरवता येतं. विचार हवं तर यांना."

राजपुरुषाने मान हलवली. "उतरवता येतं. चढवता येत नाही."

"झालं तर. सहाशे म्हण. मी इथंच उभा आहे. उद्या तांड्याबरोबर नवऱ्याकडं जा."

आत्या तिच्या कानाशी आली. "म्हण गं. मी सांगत नव्हते? तो ओट्यावर बसायलाही आला नाही. सहाशे म्हण आणि सूट इथून."

वसुलाने मागे वळून पाहिले. उत्तरेच्या खोलीपुढच्या अंगणात मुलगी मातीत बसून काहीतरी उकरत होती. सहाशेत भरुकच्छला काय येईल? तिष्याने निरोपात सांगितले होते, बंदरावर घरे महाग आहेत. सहाशेत एका खोलीच्या पुढे काही नाही. आणि हाक रिकामी गेली तर तीही नाही, तिष्यही नाही, आश्विनापर्यंत नुसता पाऊस. तिला रडू येत होते आणि रागही येत होता, आणि राग कोणावर करावा ते ठरत नव्हते. मेण विकतो म्हणाला होता. तिने स्वतःच्या कानांनी ऐकले होते. मग कुठे आहे तो?

मग तिने वीरकाकडे पाहिले. त्याच्या खांद्यावरच्या झोळीला वजन होते. सहाशे मोजायला तो तयारीनेच आला होता. आणि तो इतका मायेने का बोलत होता? ज्याला घर नको तो एवढा वेळ उन्हात उभा राहून कोणाला समजावत नाही.

तिच्या मनात एक गोष्ट हळूहळू उभी राहिली. मेणवाला ओट्यावर नाही, हे खरे. पण म्हणून सागाच्या तुळया काही जांभळाच्या झाल्या नाहीत. विहिरीचे पाणी खारे झाले नाही. त्याने जे सांगितले ते तो इथे असला तरी तेवढेच खरे, नसला तरी तेवढेच. काल दुपारी तो हेच तर म्हणत होता, आणि ती मात्र रात्रभर त्याच्याच भरवशावर निजली.

"बाई, ऊन चढतंय," राजपुरुष म्हणाला. "तिसरी हाक. काय मोल?"

वसुलाने उंबऱ्यावर दोन्ही पाय घट्ट ठेवले. आणि आयुष्यात पहिल्यांदा, मुलीला रस्त्यावरून ओरडून बोलवायचीही लाज वाटणारी ती बाई, पलीकडच्या कडुनिंबापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली,

"मोल एक हजार. कोण घेतो?"

आत्याने कपाळावर हात मारला. वीरक पुन्हा हसला, पण या वेळी त्याच्याबरोबर कोणी हसले नाही. तो धान्यवाल्याकडे वळला. धान्यवाला जमिनीकडे पाहत होता. राजपुरुषाने जमावावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.

कडुनिंबाखाली, हमालांच्याही मागे, अगदी शेवटी उभ्या असलेल्या माणसाने हात वर केला. त्याच्या बोटांना अजून मेण लागलेले होते.

"हजाराला घेतो," तो म्हणाला.

ज्याने विकणाऱ्याला मोल सांगितले, त्यानेच शेजाऱ्याचा मान पुढे करून ते घर इतरांच्या आधी उचलावे, हे बोधिसत्त्वाला न्यायाचे वाटले नव्हते. म्हणून त्याने आपली हाक जाऊ दिली आणि तो परक्यांच्या रांगेत, सर्वांच्या मागे जाऊन उभा राहिला. त्याच्यापुढे उभ्या असलेल्या कोणीही एक शब्द उच्चारला असता, तर ती गार खोली त्याच्या हातून कायमची गेली असती. यंदाचे मेण तर पहाटेच पडत्या भावाने विकून झाले होते. तरीही तो सर्वांचे मौन पुरते होईपर्यंत थांबला.

पुढे कित्येक जन्मांनी बोधिसत्त्व बुद्ध, म्हणजे सर्वांचे शास्ते, झाले तेव्हा श्रावस्तीत एक तरुण उपासिका घर घेण्याच्या विवंचनेत शास्त्यांच्या दर्शनाला आली होती. दुसऱ्यांच्या आधी कसे बोलावे, दुसऱ्यांवर किती चढावे, या काळजीने तिची झोप उडाली होती. तिला ही पूर्वजन्मीची हकिकत सांगून शास्ते म्हणाले, "उपासिके, उंबऱ्यावर उभी राहून हाक देणारी ती वसुला तूच होतीस. तुझ्या शेजारी बसलेली ही तुझी आई, तीच तेव्हाची आत्या. ज्याच्या धाकाने तू आज घाईला आली आहेस, तो तुझा प्रतिस्पर्धी तेव्हाचा वीरक. राजपुरुष म्हणजे माझा शिष्य आनंद. मेणवाल्याची बायको राहुलमाता, आणि मेणाचा तो व्यापारी मी होतो."

घर तर बोधिसत्त्वालाही हवेच होते. मनापासून हवे असतानाही ज्याचा हात दुसऱ्याच्या आधी आणि दुसऱ्याच्या अज्ञानाचा फायदा घेऊन पुढे होत नाही, त्याच्या त्या गुणाला अलोभ म्हणतात.